ऐकणाऱ्यांचे तास



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या बाई शाळेत शिकवत होत्या आणि निवृत्तीनंतर त्यांनी एका शुभंकर गटाचं काम पाहिलं. शुभार्थी म्हणजे मनाच्या आजारातून सावरू पाहणारी व्यक्ती आणि शुभंकर म्हणजे तिची काळजी घेणारं घरचं माणूस, हे या सभागृहातल्या निम्म्या लोकांना सांगायला नको. उरलेल्या निम्म्यांसाठी सांगून ठेवते. आयोजकांनी मला दिलेला विषय चांगला भारदस्त आहे : ‘दक्षिण आशियाई समाजाच्या मानसिक आरोग्यासाठी झटणाऱ्या लहान संस्थांचं धोरणात्मक नियोजन’. निमंत्रणपत्रिकेच्या एका ओळीत तो मावला नाही. एका भाषणात मावेल का, बघू. (हशा)

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, सनदी लेखापाल आहे. ट्रस्टांचे हिशेब तपासण्यात माझी हयात गेली. त्यात मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या लहान संस्था बऱ्याच होत्या, आणि इथून परदेशी गेलेल्या आपल्या माणसांनी तिकडे काढलेल्या संस्थांचे लोकही अधूनमधून सल्ल्याला येत राहिले. त्यामुळे आज मी बोलणार आहे ते ताळेबंदाच्या बाजूनं. एकच गोष्ट सांगायची आहे. ती लगेच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना लोकल गाठायची आहे त्यांना मोकळ्या मनानं उठता येईल. अशा संस्थेनं आपला आराखडा पैशापासून सुरू करू नये. ध्येयवाक्यापासूनही करू नये. तो ऐकणाऱ्या माणसांच्या तासांपासून सुरू करावा. कोण ऐकणार? कधी? किती वेळ? बाकीचं सगळं या तीन प्रश्नांच्या मागून येतं.

आता सहसा काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. एखादा देणगीदार पाच वर्षांचा आराखडा मागतो. मग लोणावळ्याला नाहीतर कुणाच्या तरी फार्महाऊसवर दोन दिवसांचं शिबिर होतं. भिंतीवर मोठे कागद लागतात, रंगीत चिठ्ठ्या येतात. एका कागदावर चार चौकोन आखतात : बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. बलस्थानांत ‘समर्पित कार्यकर्ते’ आणि उणिवांत ‘निधीची कमतरता’. हे दोन शब्दप्रयोग मी इतक्या अहवालांत वाचले आहेत की आता छापीलच मिळत असावेत. हेन्री मिंट्झबर्ग या कॅनडातल्या व्यवस्थापनतज्ज्ञानं १९९४ साली एक जाडजूड पुस्तक लिहून मोठमोठ्या कंपन्यांना बजावलं, की नियोजन वेगळं आणि धोरण वेगळं. आकडे सुटे करून तक्त्यात बसवले म्हणून त्यातून धोरण जन्माला येत नाही. कंपन्यांनी ते किती ऐकलं हा वेगळा विषय. आपल्या लहान संस्थांनी मात्र कंपन्यांनी टाकून दिलेले तक्ते आनंदानं उचलले.

आणि आराखड्याचं पहिलं पान? तिथे हमखास राष्ट्रीय आकडा. बंगळुरूच्या निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. देशभरात सुमारे १५ कोटी लोकांना मदतीची गरज आहे आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत, असं निघालं. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे जाता जाता. आकडे महत्त्वाचेच आहेत, सरकारला धारेवर धरायला तर फारच उपयोगी. पण माझ्यासमोर जी संस्था बसलेली असते तिच्याकडे असतो एक पूर्णवेळ पगारी माणूस, एक अर्धवेळ हिशेबनीस, कुणीतरी वापरायला दिलेली एक खोली आणि दहा-पंधरा स्वयंसेवक. ही संस्था वर्षाला दोनशे माणसांना हात देणार. मग पहिल्या पानावर १५ कोटी कशाला? तो आकडा वाचून देणगीदार हळहळतो आणि कार्यकर्ता खचतो.

तर आपण दुसरं गणित मांडू. चौथीतलं आहे, घाबरू नका. समजा, चौदा स्वयंसेवक आहेत. प्रत्येकानं आठवड्याला तीन तास द्यायचं कबूल केलंय. झाले बेचाळीस तास. आता यातून गणपती वजा करा, दिवाळी वजा करा, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, स्वतःचा ताप. हातात तीस राहिले तर नशीब. या तिसांतले सगळेच ऐकण्यात घालवता येतात का? नाही. जो माणूस संध्याकाळभर दुसऱ्याचं मरण्याबद्दलचं बोलणं ऐकतो, त्यालाही कुठेतरी बसून बोलावं लागतं. आपण काय ऐकलं, कुठे अडखळलो, कुणाला डॉक्टरांकडे पाठवायला हवं होतं, हे एखाद्या अनुभवी माणसासमोर मांडावं लागतं. ऐकण्याच्या पाच तासांमागे असा एक तास धरा. हा कमीत कमी हिशेब झाला. म्हणजे तिसांतले पाच गेले, उरले पंचवीस. फोनवर एका वेळी दोघं असावीत, एकट्यानं बसू नये. म्हणजे आठवड्यात साडेबारा तास फोन चालेल. तीन संध्याकाळी, चार-चार तास.

आता याच संस्थेच्या आराखड्यात लिहिलेलं असतं : ‘येत्या वर्षात चोवीस तास हेल्पलाईन’. आठवड्याचे तास किती? एकशे अडुसष्ट. दोघं बसायची तर तीनशे छत्तीस. आपल्याकडे आहेत पंचवीस. (हशा) तुम्ही हसताय, पण अशा एका आराखड्यावर सहा विश्वस्तांच्या सह्या होत्या.

कुणी म्हणेल, बाई, तुम्ही सेवेचा हिशेब मांडताय. हो, मांडतेय. धान्य वाटणारी संस्था गोदामात पोती साठवू शकते. रक्तपेढीला रक्तसुद्धा काही दिवस ठेवता येतं. ऐकणं साठवता येत नाही. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता खुर्चीत माणूस नसेल तर त्या सात वाजताचं ऐकणं कायमचं गेलं, मग बँकेत कितीही शिल्लक असो. लंडनमध्ये १९५३ साली चॅड व्हारा या धर्मगुरूनं आपल्या चर्चमधून आत्महत्येच्या उंबरठ्यावरच्या माणसांसाठी फोन सुरू केला, त्यातून ‘समॅरिटन्स’ ही संघटना उभी राहिली. सुरुवातीला सल्ला देणार ते स्वतः, आणि मदतीला आलेले स्वयंसेवक फक्त बाहेर थांबलेल्यांना चहा द्यायला. काही दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, की चहा पिता पिता स्वयंसेवकांशी बोलून बऱ्याच जणांचं काम तिथेच होतंय. तेव्हापासून स्वयंसेवकांचं ऐकणं हाच त्या संघटनेचा कणा झाला. चेन्नईत १९८६ साली डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी ‘स्नेहा’ सुरू केली, तीही स्वयंसेवकांच्याच बळावर. स्नेहाकडे मी पुन्हा येणार आहे.

मग पंचवीस तासांत करायचं काय? इथे गोव्याकडे बघू. ‘संगत’ ही गोव्यातली संस्था १९९६ पासून काम करते, डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक मोठा प्रयोग केला, तो २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. नैराश्य बऱ्यापैकी तीव्र असलेले ४९५ लोक त्यात होते. निम्म्यांना केंद्रातले नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याबरोबर समुपदेशनही मिळालं आणि ते करणारे होते मानसशास्त्राची पदवी नसलेले, पण नीट प्रशिक्षण घेतलेले स्थानिक लोक. तीन महिन्यांनी पाहिलं तर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्याच्या त्या पातळीतून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के.

तज्ज्ञ या प्रयोगाबद्दल बोलताना टक्केवारीवर थांबतात. मला त्यातले तास आवडतात. एका माणसामागे सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. म्हणजे जास्तीत जास्त साडेपाच-सहा तासांत एक माणूस. सुरुवात आहे, शेवट आहे, आणि मध्ये काय करायचं हे लिहून ठेवलेलं आहे : माणूस कुठली कामं करायची सोडून बसलाय ते शोधा आणि त्यातली झेपतील ती हळूहळू परत सुरू करायला लावा. आता आपल्या चौदा स्वयंसेवकांचे आठवड्याचे पंचवीस तास घ्या, वर्षाचे पन्नास आठवडे धरा. साडेबाराशे तास. एका माणसामागे सहा तास. दोनशेच्या वर माणसं होतात. तर मग निवड अशी आहे : आठवड्यात तीन संध्याकाळी फोन, किंवा वर्षात दोनशे माणसांचं पूर्ण समुपदेशन. दोन्ही? नाही. दोन्ही नाही. शिबिराच्या भिंतीवर एकच कागद लावायचा असेल तर हा लावा.

सावधगिरीची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. गोव्यातले समुपदेशक सुटीच्या दिवशी येणारे हौशी लोक नव्हते. ते पगारी होते, त्यांच्या बैठका ध्वनिमुद्रित होत, आणि एकमेकांच्या बैठका ऐकून ते गुण देत. ज्यांचा धोका मोठा, त्यांना पुढे डॉक्टरांकडे पाठवण्याची वाट ठरलेली होती. दोन रविवारांच्या कार्यशाळेवर हे होत नाही.

आता समुद्रापलीकडे जाऊ, कारण विषयात ‘दक्षिण आशियाई’ आहे आणि या सभागृहातल्या बऱ्याच जणांची मुलं तिकडेच आहेत. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक साधारण १९ लाख, पाकिस्तानी वंशाचे १६ लाख आणि बांगलादेशी वंशाचे साडेसहा लाखांच्या आसपास होते. अनुदानाच्या अर्जात हे सगळे एका चौकोनात. पण पूर्व लंडनमधल्या टॉवर हॅम्लेट्सची सिल्हेटी आजी, लेस्टरचा पूर्व आफ्रिकेतून आलेला गुजराती दुकानदार, टोरोंटोच्या स्कारबरोमधला युद्धातून निसटून आलेला जाफन्याचा तमिळ, आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली आपल्या कोथरूडची इंजिनिअर मुलगी, यांच्या दुखण्यात समान काय? थोडंफार आहे : लोक काय म्हणतील, घरातली गोष्ट घरात, लग्न जमायचं आहे अजून. पण त्या चौघांना एकच स्वयंसेवक ऐकू शकेल का? सिल्हेटीतला एक तास तमिळला चालत नाही. तेव्हा तिकडच्या संस्थेनं तास मोजायचे ते भाषावार मोजायला हवेत. मी अशा संस्थांना सांगते, माहितीपत्रकावर चौदा भाषा छापू नका. ज्या भाषेत दर आठवड्याला ठरलेल्या वेळी माणूस बसतो तेवढीच छापा. दोन असतील तर दोन.

लंडनमध्ये जाफर करीम या मूळच्या कोलकात्याच्या मानसोपचारकानं १९८३ साली ‘नफसियत’ हे केंद्र काढलं, स्थलांतरितांना त्यांच्या संस्कृतीचं भान ठेवून मानसोपचार देणारं. तिथे अनेक भाषांमधून उपचार मिळतात. ती संस्था चाळीस वर्षं टिकली. साखळी दुकानासारखी गावोगाव पसरली नाही, एका शहरात, एका कामात खोल गेली. आपल्याकडे वाढली नाही ती संस्था मेली, अशी एक समजूत आहे. बॅलन्सशीट पाहणाऱ्यांनीच ती पसरवली, हे कबूल.

अमेरिकेत वेगळा धडा मिळतो. न्यू जर्सीत १९८५ साली ‘मानवी’ सुरू झाली, न्यू यॉर्कला १९८९ साली ‘सखी’. दोन्ही दक्षिण आशियाई स्त्रियांवरच्या घरगुती हिंसेसाठी. मानसिक आरोग्य हे शब्द त्यांच्या पाटीवर नव्हते. पण मार खाऊन आलेली बाई झोप न येणं, धडधडणं, मरावंसं वाटणं हे सगळं बरोबर घेऊनच येते. खास मानसिक आरोग्यासाठीच्या संस्था तिकडे बऱ्याच नंतर आल्या. आजही तिथली कितीतरी मराठी, तेलुगू, पंजाबी माणसं ‘मानसिक’ असं लिहिलेल्या दारातून आत येणार नाहीत. व्हिसाच्या शंका विचारायला येतील. साखर तपासायच्या शिबिराला येतील. ज्येष्ठांच्या भजनाला येतील. मग ऐकणारा माणूस बसवायचा कुठे? भजनाच्या शेजारच्या खोलीत. आराखड्यातली ही ओळ मला कुठल्याही ध्येयवाक्यापेक्षा मोलाची वाटते.

त्या एडिसनच्या मुलीचंच घ्या. नवरा एच-वन-बी व्हिसावर, ही एच-फोरवर. २०१५ पर्यंत एच-फोरवाल्यांना तिथे नोकरी करायची मुभाच नव्हती. त्या वर्षी मे महिन्यापासून काहींना मिळाली, नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज एका ठराविक टप्प्याला पोहोचला असेल तरच. हाताशी पदवी, घरात चार भिंती, बाहेर हिवाळ्यात बर्फ. तिला समुपदेशक लागेल, पण त्याआधी कदाचित स्थलांतर कायदा जाणणारा वकील लागेल. आणि तिची आई पुण्यातून फोन करणार सकाळी साडेसहाला. तेव्हा एडिसनला उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले असतात. इथल्या संस्थांना असे आयांचे फोन येतात : ‘पोरगी बोलताना रडते, मी इथून काय करू?’ याचं उत्तर ना पुण्याच्या आराखड्यात असतं, ना न्यू जर्सीच्या. दोन्हीकडच्या दोन लहान संस्थांनी आपापले तास एकमेकींना सांगून ठेवले, कुणाचा माणूस कधी आणि कुठल्या भाषेत बसतो एवढंच, तर त्या आईला एक फोन नंबर देता येईल. त्यासाठी करारनामा लागत नाही.

आता ज्या मुद्द्यावर भांडणं होतात त्याकडे येते. आपल्याकडे माणूस आजारी पडतो तेव्हा त्याच्याबरोबर घर येतं. शुभार्थी एक असला तरी ऐकायला बसावं लागतं चौघांचं. पुण्यात १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू झाली ती या जाणिवेतून. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत. पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. आकड्यांचा माणूस, म्हणून मला अंमळ जवळचा. त्यांनी संस्था काढली ती कॅलगरीत नाही, पुण्यात, आणि कामाच्या मध्यभागी ठेवले ते शुभंकर आणि शुभार्थींचे स्वमदत गट. पुढे त्यांच्याच पुढाकारातून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ मध्ये आला. तासांच्या हिशेबात बघा ही चाल. एकही जास्तीचा स्वयंसेवक न बसवता आजाराचं नाव हजारो घरांत पोहोचलं. ज्या बाईला वाटत होतं की भावाला बाहेरची बाधा झाली आहे, ती चित्रपट पाहून आली आणि डॉक्टरांचा पत्ता विचारू लागली, असं घडतं.

त्याच पुण्यात १९९९ साली भार्गवी दावर यांनी ‘बापू ट्रस्ट’ सुरू केला. बापू हे त्यांच्या आईचं नाव. मनोरुग्णालयाचा मार त्या आईनं सोसला होता. भार्गवीताईंची बाजू अगदी स्पष्ट होती : जिला आजार झाला तिचं ऐका, तिच्या वतीनं बोलणाऱ्यांचं नंतर. सक्तीनं दाखल करणं, सक्तीचे उपचार, यांना त्यांनी जन्मभर विरोध केला. वस्त्यांमध्ये ट्रस्टचं ‘सेहर’ नावाचं काम चालतं.

एकच शहर, दोन संस्था. एक घरच्यांच्या बाजूनं उभी राहिली, दुसरी आजार भोगणाऱ्यांच्या. चूक कोण? मला विचाराल तर कुणीच नाही. पण तिसरी लहान संस्था जेव्हा म्हणते ‘आम्ही दोघांच्याही बाजूनं’, तेव्हा मी सावध होते. कारण रात्री नऊ वाजता वडील म्हणतात, ‘याला आत्ताच्या आत्ता ॲडमिट करा’ आणि मुलगा म्हणतो, ‘मी जाणार नाही’, तेव्हा खुर्चीतला स्वयंसेवक कुणाचा? २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आपला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडायचा अधिकार व्यक्तीला देतो. तो प्रतिनिधी बाप असेलच असं नाही, मित्रही असू शकतो. कायद्यानं दिशा दाखवली आहे. तुमच्या संस्थेची दिशा लिहिलेली आहे का? ती नसेल तर प्रत्येक स्वयंसेवक आपापल्या घरच्या अनुभवावरून बाजू घेणार. आराखड्यात सगळ्यात अवघड अर्धं पान कुठलं, तर हे. यावर विश्वस्तांत वाद झाला नाही तर समजा की कुणी नीट वाचलेलं नाही.

सरकारी फोनविषयी थोडं. १० ऑक्टोबर २०२२ पासून देशात टेलि-मानस सुरू झालं, १४४१६ हा नंबर, चोवीस तास, मराठीतसुद्धा. अमेरिकेत त्याच वर्षी जुलैत ९८८ सुरू झालं. काही संस्था नाराज झाल्या, आमचं काम काढून घेतलं म्हणून. मी म्हणते, सुटलात! रात्रपाळी आता सरकारची. आपले पंचवीस तास तिथून सोडवून आणा आणि जिथे सरकार पोहोचत नाही तिथे लावा. ते कुठे पोहोचत नाही? दवाखान्यातून घरी आल्यानंतरच्या सहा महिन्यांत. गोळ्या बंद केल्या का, परत कामावर घेतलं का, शेजारी बोलतात का, हे विचारायला चोवीस तासांचा फोन लागत नाही. तेच माणूस, दर पंधरा दिवसांनी, ठरलेल्या वेळी लागतं. सरकारी नंबरवर दर वेळी वेगळा माणूस उचलणार. तुमच्याकडे तोच उचलू शकतो. लहान असण्याचा हा फायदा आहे, तो कुणी तक्त्यात लिहीत नाही.

आणि आता स्नेहा. तमिळनाडूत दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी नापास मुलांच्या आत्महत्या व्हायच्या. एक मार्ग होता : निकालाच्या आठवड्यात जास्त फोन, जास्त स्वयंसेवक. तो त्यांनी धरलाच. पण बरोबर सरकारकडे पाठपुरावाही केला, की नापास झालेल्यांना वर्षभर थांबवू नका, लगेच फेरपरीक्षा घ्या. ती सुरू झाली. जे मूल जूनमध्येच पुन्हा परीक्षेला बसू शकतं, त्याच्यासाठी निकालाचा दिवस जगाचा शेवट राहत नाही. त्याच संस्थेनं कीटकनाशकांचे डबे घराघरांत न ठेवता गावात एका ठिकाणी कुलपात ठेवण्याचा प्रयोगही करून पाहिला. विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनी तो जरूर अभ्यासावा. लहान संस्थेनं धोरण बदलायला जाऊ नये, ते मोठ्यांचं काम, असं मानतात. उलट आहे. ज्यांच्याकडे तास कमी, त्यांनीच एखादा असा नियम शोधावा जो बदलला तर शंभर फोन यायचेच थांबतील. दहा नियम नकोत. एक.

पैशाबद्दल मी मुद्दाम थोडंच बोलणार आहे. एरवी दिवसभर तेच बोलते. परदेशी देणगी घेत असाल तर त्या देणग्यांच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आहे, आणि आलेली देणगी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणजे परदेशातल्या आपल्या मंडळांनी एका मोठ्या संस्थेला पैसे द्यायचे आणि तिनं ते लहानांना वाटायचे, हा सोयीचा मार्ग बंद झाला. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी मिळतो, पण कंपनी विचारते : किती लाभार्थी? तीन हजार मुलांसमोर एक व्याख्यान झालं की तीन हजार लाभार्थी. एका शुभार्थीबरोबर वर्षभर चाललं की एक लाभार्थी. या मापानं मोजलात तर पाच वर्षांत तुमची संस्था व्याख्यान देणारी संस्था होणार, हे मी लिहून देते. (आज मी स्वतःच व्याख्यान देतेय, याची मला जाणीव आहे.) (हशा) तेव्हा निधीचा अर्ज भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : या पैशानं आपल्या ऐकणाऱ्यांचे तास वाढणार की खर्च होणार? अनुभवी देखरेख करणाऱ्याचा पगार त्यातून निघत असेल तर घ्या. अहवाल लिहिण्यात दोन माणसं अडकणार असतील तर नमस्कार करून परत पाठवा.

तास वाढतात कसे? याचं उत्तर ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रानं दिलं आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं. व्यसनातून बाहेर पडलेलीच माणसं तिथे पुढे कार्यकर्ते झाली. काल जो ऐकवायला आला तो आज ऐकायला बसला. बायकांसाठी ‘सहचरी’ गट, तिथेही तेच. अशा संस्थेला स्वयंसेवकांच्या जाहिराती द्याव्या लागत नाहीत. आणि १९९७ साली डॉ. अनिता गेल्या तेव्हा ती संस्था थांबली नाही. मुक्ता पुणतांबेकर आणि सहकाऱ्यांनी ती पुढे नेली. लहान संस्थेत संस्थापकच डॉक्टर, संस्थापकच चालक, संस्थापकाच्याच मोबाईलवर हेल्पलाईन. अशा संस्थापकांना मी दरवर्षी एक महिना रजेवर जायला सांगते. खरोखरची रजा, फोन दुसऱ्याकडे देऊन. त्या महिन्यात काय काय अडलं त्याची यादी करायची. पुढच्या वर्षीचं नियोजन त्या यादीवरून. फुकट आहे, आणि सल्लागारापेक्षा चांगलं.

शेवटचा मुद्दा, जो कुणालाच आवडत नाही. संस्था बंद करायची वेळ आली तर? धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त बदलाचे अर्ज वर्षानुवर्षं पडून असलेल्या, कागदोपत्रीच जिवंत असलेल्या संस्था मी पुष्कळ पाहिल्या आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ५०-अ खाली दोन विश्वस्त संस्थांचं एकत्रीकरणही होऊ शकतं. हा पराभव नाही, दोघींचे तास एकत्र येतात. पण वाचनालय बंद झालं तर पुस्तकं दुसऱ्याला देता येतात. आपल्याकडे असतात त्या नोंदवह्या. कुणी कुणाला काय सांगितलं, कुणी दोनदा गोळ्या खाल्ल्या, कुणाच्या सासरी माहीत नाही. २०१७ च्या कायद्यानं उपचारांच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, आणि आपली खोली तर कुणाच्या तरी मालकीची, उद्या ती रिकामी करा म्हणाले तर? त्या वह्या कोणत्या कपाटात आहेत, किल्ली कुणाकडे आहे, किती वर्षांनी त्या नष्ट करायच्या, संस्था संपली तर कुठल्या डॉक्टरच्या किंवा कुठल्या संस्थेच्या ताब्यात द्यायच्या, आणि सध्या येत असलेल्या प्रत्येक माणसाला ते आधी कोण सांगणार : हे विश्वस्तांच्या पुढच्याच सभेच्या इतिवृत्तात ठराव म्हणून यायला हवं, जबाबदार माणसाच्या नावानिशी. आराखडा राहिला तरी चालेल, हा ठराव आधी करा.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं शिल्लक आहेत. प्रश्न कागदावर लिहून पुढे पाठवा. घरच्या कुणाबद्दल विचारायचं असेल तर नाव लिहू नका.